कागदी किड्यांचे पाय: बारीक, गोल आणि पावसात न उघडणारे



कागदाचे कीटक करणाऱ्या गटांकडून गेल्या दोन महिन्यांत मला एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतेय. "मॅडम, अंग छान होतं, पण पाय बघवत नाहीत." "पाय पट्टी चिकटवल्यासारखे दिसतात." आणि पाऊस लागल्यापासून तिसरी, "पाय उघडतात." एका दुकानदाराने तर जुलैमध्ये दिलेल्या चौकटी ऑगस्टमध्ये परत पाठवल्या. भुंग्याचे पाय छत्रीसारखे फाकले होते. नग परत आला की कागद गेला, काच गेली आणि पाच तासांची मेहनतही गेली. म्हणून या अंकात फक्त पायांबद्दल लिहितेय.

आधी खरा पाय कसा असतो ते बघून घ्या. घराच्या ओट्यावर मुंगळा सापडतोच, त्याच्याकडे पाच मिनिटं नीट बघा. सहाही पाय छातीच्या भागातून निघतात, पोटाला एकही पाय नसतो. (आठ पाय दिसले तर तो कोळी, तो कीटकांत मोडत नाही. शाळेसाठी नग करताना ही चूक झाली तर गुरुजी लगेच पकडतील.) प्रत्येक पायाचे भाग वेगळे दिसतात. अंगाजवळ आखूड खुबा, मग जरा भरीव मांडी, त्याच्यापुढे बारीक नडगी आणि शेवटी बोटाबोटांचं नाजूक पाऊल. नाकतोड्याची मागची मांडी किती जाड असते, ते तर भाताच्या खाचरात काम करणारीला सांगायला नको. म्हणजे पाय वरून खालपर्यंत एकसारखा जाड नसतो. आपण करतो तो पाय पट्टीसारखा दिसतो, त्याचं निम्मं कारण हेच आहे.

मधले पाय जाड का होतात

आपले कीटक एकाच चौकोनी कागदातून होतात, कात्री न लावता. त्यामुळे प्रत्येक पाय म्हणजे त्याच कागदाचं ओढून काढलेलं एक टोक. हे टोक कागदाच्या कुठल्या जागेवरून निघालंय, त्यावर पायाची जाडी ठरते.

रांगोळीत दोरी धरून गोल काढतो तसं करून बघा. पाय जेवढा लांब हवा तेवढी दोरी घ्या. दोरीचं टोक कागदाच्या कोपऱ्यावर धरून गोल फिरवलं तर कागदावर पाव वर्तुळ येतं. काठाच्या मध्यावर धरलं तर अर्धं वर्तुळ. कागदाच्या पोटात कुठेही धरलं तर पूर्ण वर्तुळ. पायाची लांबी तीच, पण कोपऱ्यातल्या पायाला कागद कमी लागतो आणि पोटातल्या पायाला चौपट. एवढा सगळा कागद त्या एका बारीक टोकात कोंबला जातो, म्हणून तिथे पदर जास्त येतात. तुमच्या मॉडेलमध्ये दोन पाय सडपातळ आणि दोन पाय लठ्ठ होतात ते यामुळे. तुमच्या हाताचा त्यात काही दोष नाही.

हा वर्तुळांचा हिशेब अमेरिकेतले रॉबर्ट लँग यांनी फार नीट मांडलाय. ते मुळात भौतिकशास्त्रज्ञ, नासाच्या प्रयोगशाळेत काम केलेले. १९९५ मध्ये त्यांचं कागदी कीटकांवरचं पुस्तक आलं, आणि पुढे नोकरी सोडून ते पूर्णवेळ ओरिगामीच करू लागले. त्याच काळात जपानमध्येही कलाकारांची चुरस लागली होती. एकाने सहा पायांचा भुंगा केला की दुसरा शिंगं असलेला करायचा, तिसरा पंख उघडलेला. त्या चुरशीतूनच आज आपण पुस्तकात बघतो ते काडीसारखे पाय आले. त्याआधी कागदी किड्याला पाय असले तरी त्रिकोणी, टोकदार, चपटे असायचे.

जाडीचा हिशेब

आता एक छोटं गणित. वही काढा, कारण इथे अर्धं उत्तर आहे.

समजा, पायाचं टोक १२ मिलिमीटर रुंद आहे आणि त्यात आधीच ४ पदर आहेत. ते उभं अर्धं घडी केलं की ६ मिमी, पुन्हा केलं की ३ मिमी, पुन्हा केलं की दीड मिमी. रुंदी छान कमी झाली. पण पदर दर वेळी दुप्पट होतात. ४ चे ८, ८ चे १६, १६ चे ३२. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. ३२ पदर म्हणजे ३.२ मिमी. म्हणजे रुंदी दीड आणि जाडी तीनच्या वर! हा पाय होणारच नाही. घडी बसणार नाही, जोर केला तर कडेला फाटेल.

पतंगाचा कागद घ्या, तो साधारण ०.०३ मिमी. त्याचे ३२ पदर झाले की जेमतेम १ मिमी. रुंदी दीड मिमी आणि जाडी एक. आता हा पाय चपटा राहिला नाही, जवळजवळ चौरस काडी झाली. काडीच्या चार कडा बोटांनी मोडल्या की ती गोल.

मला वाटतं, आपल्या प्रशिक्षणात हा मुद्दा नीट पोचलाच नाही. पाय गोल करणं ही शेवटची सजावट आहे असं आपण धरून चाललो. खरं तर रुंदी आणि जाडी एकमेकींच्या जवळ आल्या की पाय आपोआप गोल व्हायला तयार होतो. रुंदी फार उरली तर कितीही चोळा, पट्टी ती पट्टीच. म्हणून कागद निवडतानाच पायाचा विचार करायचा.

कुठला कागद

झेरॉक्स आणि वहीचा कागद सरावापुरता. घोटीव रंगीत कागद, ज्याला आपण घोटीव म्हणतो तो, रंग छान असतो पण घडीवर पांढरा पडतो. विक्रीच्या नगाला नको.

पतंगाचा कागद एकटा फार लुळा असतो. म्हणून दोन पतंगी कागद मिथाइल सेल्युलोजच्या पातळ लगद्याने एकमेकांवर चिकटवून वाळवतात. ही पांढरी पूड असते. थेट गार पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात भुरभुरून ढवळायची. तेव्हा ती विरघळत नाही, नुसती पसरते. मग गार पाणी घालून ढवळत राहायचं, की हळूहळू पारदर्शक जेली तयार होते. काचेवर किंवा गुळगुळीत लादीवर एक कागद पसरायचा, रुंद ब्रशने मधून बाहेर लेप द्यायचा, त्यावर दुसरा कागद, पुन्हा लेप. पूर्ण वाळल्यावरच सोलायचा. असा कागद कडक, कुरकुरीत होतो आणि पायाला जीव येतो.

दुसरा प्रकार, दोन पतंगी कागदांच्या मधे स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल. हा पाय वाकवला तसा राहतो, सरावाला उत्तम. पण एकदा पडलेली चुकीची घडी त्यात जात नाही आणि तीच घडी चार वेळा इकडेतिकडे केली की फॉइल तुटतं. आणि ओल्या हाताने करायच्या ज्या युक्त्या पुढे देतेय, त्या याला लागत नाहीत.

नेपाळात हिमालयातल्या एका झुडपाच्या सालीपासून लोकता कागद करतात, त्याचा पातळ प्रकार कीटकांसाठी फार चांगला. महाग पडतो, मोठ्या ऑर्डरलाच परवडेल. आपल्याकडे पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथला सुती चिंध्यांचा कागद बघायला सुंदर, पण तसा जाड कागद हत्ती-घोड्यांना बरा. मुंगळ्याच्या पायाला नाही.

घरची मैद्याची खळ वापरू का, असं दोन गटांनी विचारलंय. चिकटते चांगली, पण पिठाची खळ झुरळं आणि कसर खातात, आपला कीटक खऱ्या कीटकांच्या पोटात जायचा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते त्यासाठीच. पण मोरचूद विषारी, आणि आपले नग मुलांच्या हातात जातात. तेव्हा ते नकोच.

पाय बारीक करताना

सराव पूर्ण किड्यावर करू नका. पतंगी कागदाच्या १२ मिमी रुंद, बोटभर लांब चार पट्ट्या एकावर एक ठेवून टोकाला जेलीचा ठिपका लावा. झालं सरावाचं टोक, वर सांगितलेल्या गणितातलंच.

पहिली गोष्ट, घडी सरळ समांतर घालू नका, किंचित तिरकी घाला. अंगाकडे रुंदी थोडी जास्त, टोकाकडे कमी. मांडी भरीव आणि पाऊल नाजूक हे याच एका तिरपेपणातून येतं. दोन्ही कडा मधल्या रेषेकडे आत घ्यायच्या, मग शेवटी मधल्या रेषेवर मिटायचं. म्हणजे कागदाच्या कडा आत लपतात आणि बाहेरून सलग पाठ दिसते. मिटलेल्या पायाची उघडी फट खालच्या किंवा मागच्या बाजूला ठेवा. बघणारा वरून आणि समोरून बघतो.

दुसरी गोष्ट, एक पाय पूर्ण करून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. सहाही पाय पहिल्या घडीपर्यंत, मग सहाही दुसऱ्या घडीपर्यंत. भाकऱ्या एकामागून एक सारख्या होतात कारण हात त्याच लयीत असतो, तसंच हे. एकेक पाय संपवत गेलात तर पहिला आणि सहावा सख्खे भाऊ वाटणार नाहीत.

घडी बोटाच्या नखाने घोटू नका, कागद चमकतो. विणायच्या सुईची पाठ किंवा गुळगुळीत लाकडी काडी वापरा. शेवटच्या घडीला बोटं पुरत नाहीत, तिथे बारीक टोकाचा चिमटा लागतोच. गटाच्या खर्चातून असे दोन चिमटे घेऊन ठेवा. भुवयांचा चिमटा चालतो म्हणतात, पण त्याचं टोक रुंद असतं आणि पाय दाबला जातो.

गोल करणं

आता वातीकडे या. समईची वात वळताना आपण काय करतो? बोटं जराशी ओली, कापूस तळहातावर, आणि एकाच दिशेने हलका दाब. पाय गोल करायचा तो अगदी तसाच, फक्त एक फरक ठेवून. वातीला पीळ हवा असतो, पायाला पीळ नको. पीळ पडला की पायावर जिलबीसारखे वळसे दिसतात. म्हणून पाय अंगठा आणि पहिल्या बोटात धरून पुढे-मागे लाटायचा, अगदी थोडा, आणि अंगाकडून टोकाकडे सरकत जायचं.

ओलावा का लागतो? सुती साडीला कांजी करतो ते आठवा. ओली असताना साडी मऊ, वाळली की कडक, आणि वाळताना जशी ठेवली तशी राहते. कागदातही तंतू आणि खळ असतेच. ओलाव्याने खळ सैल होते, तंतू सरकतात, वाळल्यावर नव्या जागी घट्ट बसतात. ओल्या घडीची ही पद्धत जपानचे अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रूढ केली. त्यांची गोष्ट मला गटाच्या बैठकीत सांगायला आवडते. कारखान्यात कामगार होते, तिथल्या नव्या पोरांना भूमिती समजावायला कागदाच्या घड्या वापरायचे. पुढे नोकरी सोडली आणि पोटासाठी दारोदार फिरून जेवणाबरोबर खायचं खारवलेलं तोंडीलावणं विकलं. आपल्याकडच्या लोणच्या-पापडासारखंच. बरीच वर्षं अशी गेल्यावर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मासिकाने त्यांची चित्रं छापली आणि नाव झालं.

ओलावा किती? सुती फडकं पूर्ण पिळून घ्या, त्यावर बोट टेकवा, तेच बोट पायाला लावा. पाय हाताला गार लागला पाहिजे, पण त्यावर पाण्याची चमक दिसता कामा नये. चमक दिसली म्हणजे जास्त झालं, पतंगी कागदाचा रंगही उतरेल. तेव्हा थांबा, वाळू द्या.

लाटण्याआधी फटीच्या आतून टूथपिकने जेलीची बारीक रेघ ओढा. विक्रीच्या नगाला मी जेलीऐवजी पांढरा फेविकॉल थोडं पाणी घालून वापरायला सांगेन. जेली पाण्यात पुन्हा विरघळते. ऑगस्टच्या दमट हवेत पाय उघडले त्याचं कारण बहुधा हेच. फेविकॉल एकदा पूर्ण वाळला की दमट हवेला बऱ्यापैकी दाद देत नाही. मात्र तो बाहेर आला तर चकाकतो, म्हणून रेघ केसाएवढीच. मग पायाभोवती शिवणाचा दोरा सैलसर गुंडाळून ठेवा, वाळल्यावर उलगडा. दोरा घट्ट आवळला तर पायावर खुणा राहतात.

सांधे वाकवायचे ते पाय किंचित ओला असताना. चिमट्याने सांध्याच्या जागी हलकं चपटं करा, मग वाकवा. गुडघा वर, पाऊल जमिनीवर. सहाही पावलं एकाच पातळीवर टेकली पाहिजेत, नाहीतर किडा लंगडतो. थर्माकोलच्या तुकड्यावर टाचण्यांनी पावलं रोखून रात्रभर ठेवा. टाचणी पायातून घालू नका, दोन बाजूंनी आधार द्या. पावसाळ्यात दोन रात्री. चुलीजवळ किंवा उन्हात घाईने वाळवलं तर पाय एका अंगाने आखडतो.

पायात बारीक तार घालायची का, यावरून एका गटात वाद झाला. ओरिगामीतले काटेकोर लोक तार सोडा, डिंकसुद्धा नको म्हणतात. माझं मत विचाराल तर विक्रीसाठी डिंक चालेल, तार नको. दमट हवेत तार गंजते आणि कागदावर तांबडा डाग उठतो. घातलीच तर गिऱ्हाईकाला सांगून घाला.

वेळ आणि मोबदला

आता जे लिहितेय ते काही जणींना आवडणार नाही, पण बैठकीत विषय निघालाच आहे तर लिहिते.

बऱ्याच गटांत काम वाटलेलं आहे. एक ताई मूळ घड्या घालते, दुसरी पाय करते, तिसरी अंग फुगवून चौकटीत बसवते. पैसे मात्र नगामागे सारखे वाटले जातात. समजा घड्यांना १ तास, पायांना ३ तास, बाकीला १ तास लागतो. मग पाय करणारीने तिप्पट वेळ देऊन तेवढेच पैसे घ्यायचे का? वरून पायांचं काम डोळ्यांवर ताण देणारं. चाळिशी लागलेल्या मावशींना दीड मिमीची घडी दिसत नाही, त्या बोलत नाहीत, गप्प बसून डोळे बारीक करत राहतात. त्यांना चष्मा लागेल, हे गटाने आधी बघायला हवं.

महिनाभर वहीत प्रत्येकीचा वेळ लिहा. आणि नगाचा भाव त्या वेळेवरून काढा. उदाहरण म्हणून, नग ३०० रुपयांना गेला, कागद-काच-चौकट यांचे ११० वजा केले, उरले १९०. पाच तासांनी भागले तर तासाला ३८ रुपये. तुमच्या गावात खुरपणीची मजुरी किती आहे ते तुम्हाला माहीत आहे, शेजारी लिहून बघा. आकडा कमी दिसला तर दोनच वाटा. एक तर भाव वाढवा आणि तेवढा सुबक पाय द्या. नाहीतर पाय आखूड असलेला ढालकिडा निवडा, त्याचे पाय अंगाखाली लपतात आणि काम निम्म्यावर येतं. लांब पायांचा नाकतोडा स्वस्तात देण्याची ऑर्डर घेऊ नका, मोठी असली तरी.

चौकट बंद करताना आत सिलिका जेलची छोटी पुडी मागच्या बाजूला ठेवा, नव्या चपलांच्या डब्यात येते तीच. काचेच्या आणि पायांच्या मधे बोटाच्या पेराएवढी जागा सोडा.

परत आलेल्या चौकटी टाकून देऊ नका. पाय ओल्या बोटाने मऊ करून, फटीत फेविकॉलची रेघ देऊन पुन्हा लाटता येतात. रंग उतरला नसेल तर नग वाचतो. पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येक गटाने असा एक तरी नग, पतंगी कागदाच्या चार पट्ट्या आणि घरातली विणायची सुई घेऊन या. चिमटे मी आणते.

– तुमची क्षेत्र समन्वयक